जुनं सरप्लस पिस्तूल घेताना: चकचकीत निवडावं की झिजलेलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांकडे रीतसर परवाना आहे. रेंजवर सरावासाठी त्यांना छोटं, सेमी-ऑटोमॅटिक, लष्करी किंवा पोलिसी सरप्लसमधलं, म्हणजे त्यांनी वापरून विकायला काढलेलं पिस्तूल घ्यायचंय. विक्रेत्याकडे तीन नग आहेत. एक माकारोव्ह (मूळ सोव्हिएत सैन्याचं पिस्तूल) नव्यासारखं काळंभोर, दुसऱ्या माकारोव्हचा रंग तोंडाशी आणि कडांना उडालेला, आणि तिसरं चेकोस्लोव्हाकियाचं सीझेड ८२, ज्याच्या नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) त्यांना "पुसट, झिजलेले" वाटले. दुकानात गोळी झाडून बघता येत नाही. हाताशी पंधरावीस मिनिटं. काय बघायचं आणि कुठलं घ्यायचं?

मी बरीच वर्षं बंदुका दुरुस्त करतो, आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या सरप्लस पिस्तुलांपैकी बहुतेकांच्या मालकांनी घेताना रंग बघितलेला असतो. खरा प्रश्न रंगाचा नाहीच. या पिस्तुलातून गोळ्या किती गेल्या, गेल्यावर ते साफ झालं का, आणि मधल्या काळात ते कोणी उघडून काय केलं, हे तीन प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं बाहेरून क्वचित मिळतात.

पोलिसाच्या किंवा अधिकाऱ्याच्या कमरेचं पिस्तूल वर्षानुवर्षं चामड्याच्या म्यानात आतबाहेर होत राहतं. त्यानं तोंडाशी, स्लाइडच्या (वरच्या, मागे-पुढे सरकणाऱ्या भागाच्या) कडांवर आणि सेफ्टीच्या खटक्यावर रंग घासून पांढरं लोखंड दिसायला लागतं. पण तेवढ्या वर्षांत त्यातून गोळ्या मात्र सरावापुरत्याच झाडल्या जातात. म्हणून रंग उडालेलं पिस्तूल मला भीतीदायक वाटत नाही. ते पुष्कळ मिरवलं गेलंय आणि कमी वापरलं गेलंय, असंच बहुधा निघतं. उलट पन्नास वर्षांपूर्वीचं पिस्तूल आरशासारखं चमकत असेल तर मी आधी विचारतो, हा रंग कधी चढवला आणि त्याच्याखाली काय होतं?

यात परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टीही आहेत. संग्रहासाठी घेत असाल तर मूळ रंग, जुळणारे नंबर आणि मूळ मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी) याला सगळ्यात जास्त मोल. नव्यानं रंगवलेलं पिस्तूल संग्राहकाच्या दृष्टीनं तिथेच उतरतं. सरावासाठी घेत असाल तर नळी, स्प्रिंगा आणि मॅगझिन, याच क्रमानं बघा. आणि कायदा प्रत्येक देशाचा वेगळा. कुठली काडतुसं सामान्य नागरिकाला चालतात, मॅगझिनमध्ये किती मावलेली चालतात, हे पैसे देण्याआधी तुमच्या परवान्याशी ताडून बघा. फ्रेमवरचा (पिस्तुलाच्या मूळ सांगाड्यावरचा) नंबर कागदावरच्या नंबराशी अक्षरन्‌अक्षर जुळला पाहिजे. तो खरवडलेला, पुन्हा ठोकलेला किंवा धूसर वाटला तर पुढची तपासणी करूच नका.

आता काडतुसाचं बघू. इथेच सगळ्यात महागात पडणारी चूक होते. "९ एमएम" एवढं ऐकून लोक काडतुसं आणतात, आणि या छोट्या पिस्तुलांच्या दुनियेत ९ एमएमची किमान तीन काडतुसं फिरत असतात. पहिलं ९ × १७, ज्याला .३८० किंवा ९ एमएम शॉर्ट म्हणतात. दुसरं ९ × १८ माकारोव्ह. तिसरं ९ × १९, म्हणजे पॅराबेलम. दुसरा आकडा कवचाच्या लांबीचा, मिलिमीटरमध्ये. पण फरक लांबीपुरता नाही. माकारोव्हच्या गोळीचा व्यास सुमारे ९.२७ मिलिमीटर असतो, बाकी दोघींचा ९ च्या आसपास. म्हणजे माकारोव्ह नळीतून .३८० झाडली तर गोळी आट्यांना नीट धरतच नाही. दाबाचंही तसंच. युरोपीय मानकानुसार .३८० ला कमाल १३५ मेगापास्कल, माकारोव्हला १६० आणि पॅराबेलमला २३५. ही पिस्तुलं बहुतेक साध्या ब्लोबॅकवर चालतात. स्लाइडला कुलूप नाही. तिचं वजन आणि स्प्रिंगची ताकद एवढ्यावरच सगळं तोललेलं असतं. त्यामुळे "९ एमएमच आहे की" म्हणून काहीही भरायचं नाही. नळीवर काय कोरलंय ते वाचा. नळी बदललेली असू शकते अशी शंका आली तर जाणकाराकडून चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, मोजून घ्या.

पिस्तूल हातात आलं की आधी ते रिकामं करायचं. मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही बघा. माकारोव्हची सेफ्टी वर केलेली असेल तर स्लाइड हलतच नाही, त्यामुळे आधी खटका खाली करावा लागतो. जर्मनीचं वॉल्थर पीपी आणि हंगेरीचं पीए-६३ यांत नेमकं उलटं: खटका खाली म्हणजे सुरक्षित. दोन्ही हाताळणाऱ्या माणसाच्या बोटांचा इथेच गोंधळ होतो. कुठला खटका कुठल्या बाजूला हे विक्रेत्याला विचारण्यात काही कमीपणा नाही.

मग त्याला स्लाइड उतरवू द्यायला सांगा. नाही म्हणाला तर मी ते पिस्तूल खाली ठेवतो. माकारोव्हमध्ये चापाभोवतीची कडी खाली ओढली की स्लाइड मागे नेऊन वर उचलता येते. काम काही सेकंदांचं आहे. कडीचा वर घुसणारा जो ठोकळा असतो, तो नीट बघा. झाडताना मागे येणारी स्लाइड तिथेच अडते. स्प्रिंग मेलेली असेल तर वर्षानुवर्षं तिथे हातोडा बसल्यासारखे घाव पडतात, कडा दबून पसरते, बोट फिरवलं की धारदार लागते. थोडी चमक चालेल. कड फुलून बाहेर आली असेल तर ते पिस्तूल भरपूर चाललंय आणि स्प्रिंग कोणी बदलली नाही, हे लिहून दिल्यासारखं आहे.

या धाटणीत नळी फ्रेममध्ये पक्की बसवलेली असते आणि रिकॉइल स्प्रिंग (मागे आलेल्या स्लाइडला पुढे ढकलणारी) तिच्याच अंगावर गुंडाळलेली असते. त्याचा तपासणीला फार उपयोग होतो. स्प्रिंग काढा, तिचं बारीक तोंड चेंबरच्या बाजूला होतं ना ते बघा (उलटी घातलेली मी कितीदा तरी पाहिली आहे), आणि नळी दोन बोटांच्या चिमटीत धरून मागून पुढे हळू सरकवा. आधीची गोळी नळीत अडकलेली असताना मागून दुसरी झाडली गेली, की नळी त्या जागी किंचित फुगते. डोळ्यांना दिसेलच असं नाही, पण बोटांना उंचवटा कळतो. फुगवट्याला घासून स्प्रिंगनं तिथे चकचकीत कडं उमटवलेलं असतं. सुरुवातीच्या काळात मी असं एक पिस्तूल रंगावर भाळून घेतलं होतं. घरी येऊन नळी पुसली, दिव्याकडे धरली, आणि मध्येच अंगठीसारखी काळी सावली दिसली. नळी पक्की असल्यामुळे ती बदलायचा खर्च पिस्तुलाच्या किमतीच्या पुढे गेला. तेव्हापासून तेलकट नळीत मी बघतच नाही. आधी कोरडं फडकं फिरवून घेतो, कारण तेल खड्डे भरून टाकतं.

नळीत बघताना प्रकाश चेंबरच्या बाजूनं सोडा. टॉर्च नसेल तर पांढऱ्या कागदाचा तुकडा तिरका धरला तरी पुरतो. पूर्व युरोपातल्या जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडातल्या पेट घेणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून मागे मीठ उरतं, पोटॅशियम क्लोराइड. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि गंज सुरू होतो. असं मीठ नुसत्या तेलानं जात नाही, पाण्यानंच धुवावं लागतं, आणि ते ज्यांनी केलं नाही त्यांच्या नळ्या आतून दवबिंदू पडल्यासारख्या खरखरीत होतात. हलकी खरखर असेल आणि आट्यांच्या कडा शाबूत असतील तर सरावाच्या अंतरावर फारसं बिघडत नाही. खोल खड्डे, विशेषतः तोंडाजवळचे, मात्र नकोत. हाच गंज ब्रीच फेसवरही शोधा, म्हणजे स्लाइडचा जो भाग काडतुसाच्या बुडाला टेकतो तिथे. फायरिंग पिनच्या, म्हणजे प्रायमरवर आदळणाऱ्या खिळ्याच्या, भोकाभोवती नख फिरवा. नख अडकत असेल तर तिथे गरम वायूनं लोखंड खाल्लेलं आहे.

तुमच्या सीझेड ८२ बद्दलची शंका इथेच मिटवतो. आटे "पुसट" दिसतात कारण त्या नळीचं रायफलिंगच पॉलिगोनल आहे. त्यात धारदार कंगोरे नसतात, गोलसर उतार असतात. नळीला आतून क्रोमचा मुलामाही असतो. नेहमीची नळी पाहिलेल्या माणसाला ती गुळगुळीत, संपलेली वाटते. संपलेली नाही, ती तशीच बनते. चेकोस्लोव्हाक सैन्यासाठीच्या या पिस्तुलावर काळा रंगच मारलेला असतो, तो कपच्यांसारखा उडतो, त्याचंही फार मनावर घेऊ नका. सीझेड ८२ च्या मॅगझिनमध्ये १२ मावतात, माकारोव्हच्या ८. सेफ्टी आणि मॅगझिनचा खटका दोन्ही बाजूंनी चालतो, त्यामुळे डावखुऱ्यांना ते विशेष सोयीचं. एक लक्षात ठेवा: त्याची सेफ्टी लावल्यानं चढवलेला घोडा उतरत नाही. माकारोव्हचा उतरतो.

आता माकारोव्हच्या फायरिंग पिनकडे मी जरा जास्तच लक्ष वेधणार आहे, कारण प्रश्न सुरक्षिततेचा आहे. या पिनला मागे ओढून ठेवणारी स्प्रिंगच नसते. पिन आत मोकळी असते. उतरवलेली स्लाइड कानाजवळ धरून हलवली की आत बारीक खुळखुळ ऐकू आलीच पाहिजे. नाही आली तर पिन अडकली आहे. एकदा एक गृहस्थ असंच पिस्तूल घेऊन आले होते. पहिल्याच दिवशी रेंजवर एका दाबात दोन गोळ्या सुटल्या आणि ते घाबरून गेले होते. पिन बाहेर काढली तर भोकात मधासारख्या रंगाची, कडक झालेली ग्रीस भरलेली होती. काडीनं टोकरली तर मेणाच्या नळकांडीसारखी अख्खी बाहेर आली. कोठारात ठेवताना ही पिस्तुलं जाड संरक्षक ग्रीसमध्ये बुडवतात. विकताना बाहेरून पुसलं जातं, आत कोणी जात नाही. पिन पुढे चिकटली की स्लाइड बंद होतानाच ती प्रायमरवर आदळू शकते. म्हणून सरप्लस पिस्तूल घरी आल्यावर पूर्ण सुटं करून मिनरल स्पिरिटमध्ये धुतल्याशिवाय, आणि पिनचं भोक कोरडं केल्याशिवाय, त्यात एकही काडतूस घालू नका. तिथे नंतर तेलही घालायचं नाही. तेल धूळ धरतं आणि पुन्हा तीच गत होते.

परत जोडल्यावर चालवून बघायचं, अर्थात रिकामं आणि विक्रेत्याच्या परवानगीनं. घोडा चढवा, सेफ्टी काढलेली ठेवा, आणि अंगठ्यानं घोड्याला मागून पुढे बेताचा जोर द्या. तो पडला तर आतला खटका झिजलाय किंवा कोणीतरी चाप हलका करण्यासाठी कानस मारली आहे. असं पिस्तूल घ्यायचं नाही. मग चाप दाबून धरूनच स्लाइड मागे-पुढे करा. घोडा वरच राहिला पाहिजे. चाप हळूच सोडा, टिक असा आवाज येईल, पुन्हा दाबा, घोडा पडेल. यानंतर पेन्सिलीची चाचणी. गोल पेन्सिल, खोडरबराची बाजू खाली, तोंडाकडून नळीत सोडायची, पिस्तूल छताकडे. चाप दाबला की पिनचा फटका बसून पेन्सिल उडाली पाहिजे. दोन्ही माकारोव्हवर एकच पेन्सिल वापरा, कुठलं जास्त उडवतं ते कळेल. आता घोडा चढवून सेफ्टीनं उतरवा. या वेळी पेन्सिल जागची हलता कामा नये. हलली तर सेफ्टी घोड्याला पिनवर आदळण्यापासून अडवत नाही, आणि भरलेल्या पिस्तुलात ती चूक परत दुरुस्त करता येत नाही.

रिकामी चाचणी सगळ्याच पिस्तुलांवर करू नये. स्पेनच्या गार्दिया सिव्हिल या पोलिस दलाकडून आलेल्या स्टार बीएम पिस्तुलाची पिन रिकामं चालवल्यानं तुटते, हे सर्वश्रुत आहे; तिथे नकली काडतूस घालूनच बघायचं. स्टार कारखाना १९९७ मध्ये बंद झाला, त्यामुळे सुटे भाग जुन्या साठ्यातून शोधावे लागतात. हे पिस्तूल वाईट नाही, पण हा हिशेब आधी करा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. पोलंडचं पी-६४ लहान आणि नीटनेटकं आहे, पण पहिल्या दाबाला त्याचा चाप फारच जड लागतो. बिघाड नव्हे, मूळ स्प्रिंगच तशी. पीए-६३ ची फ्रेम अॅल्युमिनियमची, पॉलिश केल्यामुळे स्टीलची वाटते. तिच्या रुळांवर ओरखडे आणि कडांना चीर आहे का ते पाहा. इटलीतून येणारी बेरेटा ८१ ही ७.६५ मिलिमीटरची, १२ काडतुसांची, हाताला फार मऊ. नवशिक्याला मी तीच आधी देतो. जर्मन पोलिसांचं सिग पी६ मात्र ९ × १९ चं आणि कुलूपबंद यंत्रणेचं आहे. त्यात स्लाइड बंद असताना चेंबरच्या डोक्यावर अंगठा दाबून नळी हलते का बघा, आणि स्लाइडमध्ये ब्रीचचा ठोकळा धरणाऱ्या पिना बाहेर सरकलेल्या नाहीत ना, तेही.

मॅगझिनवर मात्र मला थांबलंच पाहिजे. अडकणाऱ्या पिस्तुलांपैकी माझ्याकडे येणारी निम्मीअधिक मॅगझिन बदलल्यावर बरी होतात. वरचे दोन ओठ समांतर आहेत का बघा, मागच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर असते ती शोधा, अंगावर चेपलेली जागा आहे का ते बोटानं चाचपा. रिकामं मॅगझिन घालून स्लाइड ओढली की ती मागेच अडकून राहिली पाहिजे. नाही राहिली तर मॅगझिनची स्प्रिंग मेली आहे किंवा स्लाइड अडवणारा तुकडा झिजला आहे. दुसरं मॅगझिन घालून बघितलं की कुठलं ते कळतं. माकारोव्हचं मॅगझिन सीझेड ८२ मध्ये बसत नाही, काडतूस एकच असलं तरी. किमतीचा विचार करताना दोन चांगली मॅगझिनं, नव्या रिकॉइल स्प्रिंगा आणि एकदा जाणकाराकडून तपासणी, हे सगळं धरूनच बेरीज करा. स्वस्त नग एका मॅगझिनसह आला आणि दुसरं मिळतच नसलं तर तो स्वस्त राहिलेला नसतो.

नव्यानं चढवलेला रंग कसा ओळखायचा, तेवढं सांगतो. कोरलेली अक्षरं बघा. पॉलिशच्या चाकावर धरलेल्या पिस्तुलाच्या अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात, आणि पिनांच्या भोकांचे काठ बशीसारखे खोलगट. रंगाच्या खाली बारीक खड्डे दिसत असतील तर गंजावरच रंग चढलाय. मग पकडीच्या पट्ट्या उघडायला सांगा. माकारोव्हला मागे एकच स्क्रू असतो. पट्टीखाली कोणी रंगवत नाही. घाम तिथेच मुरतो, आणि लाल पावडर दिसली तर गंज अजून चालू आहे. सरकारी कोठारातच दुरुस्त होऊन पुन्हा रंगवलेली पिस्तुलंही असतात आणि ती बहुधा उत्तम निघतात, म्हणून नवा रंग दिसला की लगेच नाकारू नका. अक्षरं धारदार, पट्टीखाली स्वच्छ आणि स्लाइड-फ्रेमचे नंबर एकच, असं असेल तर तो रंग माहितगार हातांनी चढवलाय. "व्हेरी गुड" वगैरे श्रेणी मात्र विक्रेत्यानं वरवर बघून लावलेली असते, ती मी वाचतही नाही.

वेळ कमीच पडला तर क्रम असा ठेवा: नंबर, नळी, ब्रीच फेस, पिनची खुळखुळ, घोड्याला अंगठा, पेन्सिल, मॅगझिन. पकडीखालचं शेवटी.

तुमच्या तिघांपैकी, तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून, मी आधी सीझेड ८२ उचलीन. क्रोमच्या नळीला मिठाचा त्रास कमी होतो आणि सरावाला १२ काडतुसं बरी पडतात. दोन माकारोव्हमध्ये रंग उडालेलं आधी तपासा. त्याची नळी स्वच्छ, कडीचा ठोकळा शाबूत आणि पिन मोकळी असेल तर काळ्याभोरापेक्षा तेच घ्या. काळ्याभोराची अक्षरं आणि पट्टीखालचा भाग मी सांगितलं तसा बघितल्याशिवाय त्याबद्दल माझं मत नाही.

घेतल्यावर पहिल्या दिवशी रेंजवर मॅगझिन पूर्ण भरू नका. डोळ्यांवर चष्मा, कानांवर मफ, आणि मॅगझिनमध्ये एकच काडतूस. ते नीट गेलं की दोन. दोन एका दाबात जात नाहीत हे तीनचार वेळा पटल्यावरच आठ. प्रत्येक रिकामं कवच उचलून बघा. प्रायमरवरचा खळगा मधोमध आणि गोल हवा, कवचाच्या बुडाजवळ फुगीरपणा नको. कवचं फार दूर भिरकावली जात असतील आणि त्यांच्या तोंडाला ठोके पडत असतील तर रिकॉइल स्प्रिंग थकली आहे, ती त्याच आठवड्यात बदला. पहिल्या शंभरेक गोळ्यांनंतर स्लाइड पुन्हा उतरवा आणि कडीचा ठोकळा पहिली गोळी झाडण्याआधी काढून ठेवलेल्या फोटोशी ताडून बघा.